केमिकल सांडल्यावर वापरायचे शोषक पॉलिमर

डिझेल, सॉल्व्हंट, ॲसिड, कॉस्टिक असलं काही सांडलं की पसरायच्या आत धरून ठेवणारं प्लॅस्टिक जातीचं मटेरियल म्हणजे शोषक पॉलिमर. ते पॅड, रोल, उशा, बूम (पाण्यावर अडसरासारखे टाकायचे लांबट गुंडाळे) नाहीतर सुटे दाणे अशा कुठल्याही रूपात मिळतं. सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसी, टॉवेल-चादरीची डाईंग हाऊसेस, पाकणीचे ऑइल डेपो, वरून पुणे-हैदराबाद हायवेचे टँकर, त्यामुळं याची गरज आहेच, पण अजून पहिला हात जातो तो चिंध्या नाहीतर भुशाकडं, फुकट मिळतं ना.

सगळ्यात जास्त चालतं पॉलिप्रॉपिलीन. बारीक धाग्यांचं फेल्टसारखं पॅड असतं, तेल त्या धाग्यांच्या मधल्या फटीत ओढलं जातं आणि वजनाच्या साधारण 10 ते 20 पट मावतं. आपला टेरी टॉवेल पाणी पितो, हे बरोबर उलटं, पाण्याला जवळ येऊ देत नाही, शिवाय पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तेल पिऊनसुद्धा तरंगतं. तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या कडेला एखादा डिझेलचा टँकर कलंडला तर पाण्यावर बूम टाकतात ते यामुळंच. फक्त दाबलं की तेल परत बाहेर येतं, म्हणून भरलेलं पॅड पिळायचं नाही, उचलून सरळ ड्रममध्ये. पांढरं पॅड तेलाला, करडं पाणी-तेल दोन्हीला, पिवळं ॲसिड-अल्कलीला असा बाजारातला रिवाज आहे, तरी लेबल वाचूनच घ्यावं.

दुसरा प्रकार सोडियम पॉलिॲक्रिलेट, बाळाच्या डायपरमध्ये असतं तेच. शुद्ध पाणी वजनाच्या शेकडो पट पितं आणि जेल होतं. पण पाण्यात मीठ असलं की आकडा धाडकन खाली येतो, 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात 30 ते 60 पटीवर, आणि कडक ॲसिडमध्ये तर नीट फुगतच नाही. डिझेलला हे बिलकुल कामाचं नाही. जेल फरशीवर राहिलं तर पाय सटकतो ते वेगळंच. सॉल्व्हंटसाठी क्रॉसलिंक केलेल्या (म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) स्टायरीनसारख्या पॉलिमरचे दाणे येतात, ते द्रव आतच ओढून फुगतात, दाबलं तरी सोडत नाहीत, पण महाग.

आता डाईंगवाल्यांचं. ब्लीचिंगला 50 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि त्याचा कॅन फुटला की कामगार सवयीनं कॉटन वेस्टनं पुसतो, हे सगळ्यात वाईट, कारण असलं ओलं कापूस किंवा भुसा कोपऱ्यात पडून वाळताना आपोआप पेटू शकतो. आधी भरपूर पाणी ओतून पातळ करायचं, मग पेरॉक्साइडला चालेल असं लिहिलेलं पॅड वापरायचं. व्हॅट डाईंगमध्ये (न विरघळणारा रंग आधी विरघळवून कापडाला देतात त्यात) लागणारं हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, सांडलं तर बरोबर याच्या उलट, तिथं पाणीच नको, ओल लागली की पावडर तापते, सल्फर डायऑक्साइड सुटतो, आगसुद्धा लागते, म्हणून कोरड्या फावड्यानं कोरड्या डब्यात भरायचं, पॅडचा तिथं विषयच येत नाही. नायट्रिकसारखं कडक ॲसिड असेल तर साधं पॉलिप्रॉपिलीनसुद्धा भरवशाचं नाही.

शोषलं म्हणजे केमिकल निष्प्रभ झालं असं नसतं बरं का, पेट्रोल प्यायलेलं पॅड पेट्रोलइतकंच पेट घेतं आणि ॲसिड प्यायलेलं हात भाजतं, तेव्हा हातमोजे-गॉगल आधी. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत अशा माखलेल्या चिंध्या आणि पुसायच्या मटेरियलला 33.2 हा वेगळा नंबर आहे, लेबल लावून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवायचं, साधारण 90 दिवसांच्या आत अधिकृत सुविधेकडं पाठवायचं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये लाकडाबरोबर हळूच सारून द्यायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, ती बेकायदेशीर तर आहेच, वर भट्टीचं दार उघडताना सॉल्व्हंटची वाफ पेटली तर समोर उभा असतो तो बॉयलरवाला.