शॉर्ट सर्व्हिस की परमनंट? लष्करातल्या दोन कमिशनांतला फरक

खांद्यावरचे स्टार सारखे, गणवेश सारखा, लेफ्टनंट ते कॅप्टन ही वाटचालही सारखीच. म्हणूनच शॉर्ट सर्व्हिस कमिशन आणि परमनंट कमिशन या अधिकारीपदाच्या दोन प्रकारच्या नेमणुकांत गल्लत होते आणि ‘मुलींना लष्कराची दारं २०२० साली उघडली’ असं बोललं जातं. प्रत्यक्षात वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांतही महिला अधिकारी १९९२ पासून आहेत. २०२० मध्ये बदललं ते कमिशन.

शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं नोकरी, फार तर चौदा. पेन्शनला लागतात किमान वीस. म्हणजे चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनशिवाय घरी. परमनंटवाला अधिकारी निवृत्तीच्या वयापर्यंत राहतो, कर्नल होऊन युनिटची कमान सांभाळू शकतो. शॉर्ट सर्व्हिसमधून आलेल्या पुरुषाला पुढे परमनंट मागता यायचं. त्याच्या बरोबरीने तेच काम करणाऱ्या बाईला नाही. खरा अन्याय हाच होता.

२००८ मध्ये विधी आणि शिक्षण या दोनच शाखांत तो दूर झाला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी दहाही शाखांत महिलांना परमनंटचा हक्क दिला, ‘फक्त स्टाफची कामं’, म्हणजे युनिटची कमान नाही, ही अटही काढली. निकालात लष्करी अधिकारी सोफिया कुरेशी यांचा दाखला आहे: २०१६ साली पुण्यातल्या ‘फोर्स १८’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं.

तरीही अडवणूक संपली नाही. परमनंट देताना पुरुषांची तंदुरुस्ती नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तरुणपणी तपासली गेली होती. तोच निकष आता चाळिशी ओलांडलेल्या महिलांना लावला. त्यांचे गोपनीय अहवालही ‘हिला कुठे परमनंट मिळणार’ असं गृहीत धरून लिहिलेले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं. मला हा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

परमनंट म्हणजे आघाडीवरची लढाई, असंही नाही. तोफखान्यात २०२३ पासून महिला अधिकारी आहेत. पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून बंद आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. एनडीएची वाट थेट परमनंट कमिशनकडे जाते, त्यामुळे चौदा वर्षांनी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. पायदळाचा मात्र आहे.