नारू

नारू : पिण्याच्या पाण्यातून होणारा कृमिजन्य रोग. ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस हा गोलकृमी त्याला कारणीभूत असतो; या कृमीलाही नारूच म्हणतात. त्यावर लस नाही, कृमी मारणारे खात्रीचे औषध नाही आणि एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. असे असूनही भारतातून तो मुख्यतः पाण्याच्या बंदोबस्तामुळे हटला. साथरोगशास्त्रात प्रसाराची साखळी शिकवताना नारूचे उदाहरण येते ते यामुळेच.

रोगाच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत. इ. स. पू. सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरस या ईजिप्शियन वैद्यकग्रंथातील एक उतारा नारू गुंडाळून काढण्याविषयी असल्याचे काही अभ्यासक मानतात. मात्र त्यातील शब्दांचा अर्थ वादग्रस्त आहे. बायबलमधील ‘अग्निसर्प’ म्हणजे नारूच, हे मत त्याहून कमकुवत दिसते. ॲस्क्लेपियस या ग्रीक वैद्यकदेवतेच्या काठीवरील सर्प मुळात काडीवर गुंडाळलेला नारू असावा, हा तर्क आकर्षक असला तरी त्याला समकालीन पुरावा नाही. त्या मानाने मँचेस्टर येथे तपासलेल्या ईजिप्शियन ममीत आढळलेला कॅल्सीभूत (चुना साचून कडक झालेला) कृमी हा अधिक भक्कम आधार होय. उत्तरकालीन आयुर्वेद ग्रंथांतील ‘स्नायुक’ म्हणजे नारू, हे सामान्यतः मान्य आहे.

रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातील तुर्किस्तानात सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जीवाचा रोगप्रसारातील सहभाग दाखवला. सायक्लॉप्सने गिळलेली डिंभके (कृमीची पिल्ले) त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. असे पाणी प्यायल्यावर जठररसाने सायक्लॉप्स मरतो. डिंभके मोकळी होऊन आतड्याची भिंत भेदतात. समागमानंतर नर मरतो. मादी सुमारे एक मीटरपर्यंत वाढते आणि संसर्गानंतर 10 ते 14 महिन्यांनी, बहुधा गुडघ्याखाली, त्वचेशी येते. तेथे फोड येऊन आग होते. रुग्ण पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि मादी लाखो डिंभके पाण्यात सोडते.

या दीर्घ अवधीमुळे अन्वेषणात हमखास चूक होते. आज दिसणारा रुग्ण गेल्या वर्षीच्या पाण्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे सध्याची विहीर तपासून भागत नाही, वर्षापूर्वी तो कुठे राहत होता आणि कुठले पाणी पीत होता हे विचारावे लागते.

कृमी काडीवर गुंडाळून रोज काही सेंटिमीटरच ओढतात. घाईने तो तुटला, तर आतील द्रव ऊतकांत पसरून सूज व गळू होते. धनुर्वाताचाही धोका असतो.

पायऱ्यांची विहीर हे भारतातील मुख्य उगमस्थान. पाणी भरणाराच पाण्यात उतरतो आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की सायक्लॉप्सची दाटी होते. त्यामुळे पायऱ्या बंद करून रहाटाने पाणी काढणे किंवा हातपंप बसवणे हा कायमचा उपाय ठरला. तोवर पाण्यात दर लिटरला 1 मिलिग्रॅम टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारे कीटकनाशक पडेल अशा बेताने ते महिन्याच्या अंतराने टाकतात. पाण्याचे घनफळ कमी धरले, तर मात्रा अपुरी पडते. पाणी बारीक विणीच्या नायलॉन कापडातून गाळले, तरी सायक्लॉप्स अडतो. फाटके कापड आणि शेतावर न गाळता प्यायलेले पाणी या नेहमीच्या त्रुटी. कृमी बाहेर येऊ लागल्यापासून 24 तासांत रुग्ण शोधून जखम बांधणे व त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे हेही तितकेच आवश्यक असते.

भारताचा निर्मूलन कार्यक्रम 1983–84 मध्ये सुरू झाला. त्या वेळी महाराष्ट्रासह सात राज्यांत रोग होता आणि वर्षाला सुमारे 40,000 रुग्ण आढळत. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. त्यानंतरही शोध चालू ठेवून, रुग्ण कळवणाऱ्यास बक्षीस जाहीर करण्यात आले. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

जगात आता वर्षाला मोजकेच मानवी रुग्ण उरले आहेत. मात्र चाडमध्ये कुत्र्यांत संसर्ग आढळू लागल्याने माणूस हाच रोगाचा एकमेव साठा (संसर्ग टिकवून ठेवणारा आश्रय), हे जुने गृहीतक बदलावे लागले. त्यामुळे तेथे बाधित कुत्री बांधून ठेवतात आणि कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून मासळीची आतडी उघड्यावर न टाकता पुरतात.