कोलॅजेनची पावडर थेट त्वचेत जाते का?

‘कोलॅजेनची पावडर प्या, ते थेट त्वचेत जाऊन बसतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही.

कोलॅजेन हे प्रथिन. जठरात आणि लहान आतड्यात ते कापलं जातं. रक्तात पोचतात ती अमिनो आम्लं (प्रथिनाचे मूळ घटक) आणि त्यांचे दोन-तीनच्या जोडणीचे बारीक तुकडे.

त्वचेतलं कोलॅजेन तिथल्याच पेशी बनवतात. पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या पडद्यांच्या जाळ्यात, अमिनो आम्लांच्या तीन साखळ्यांचा पीळ बसतो. तो टिकायला साखळीतल्या प्रोलिन या अमिनो आम्लात आधी बदल व्हावा लागतो, आणि त्याला क जीवनसत्त्व हवं. ते फार कमी पडलं की पीळ सैल राहतो, हिरड्यांतून रक्त येतं. पेरू-आवळा खायचा तो यासाठी. तयार पीळ सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, पेशीत माल नेणाऱ्या नेहमीच्या पिशव्या (वाहक पुटिका) मात्र ६० ते ९० नॅनोमीटरच्या! म्हणून पेशी त्याच्यासाठी मोठा वाहक घडवते. पुढे गॉल्जी पिंड (पेशीतलं माल पाठवण्याचं केंद्र), मग पेशीबाहेर. तिथे टोकं छाटली जातात आणि धागे जुळतात.

कोलॅजेन कापलं जातं, हे घरी पडताळता येतं. जिलेटिन म्हणजे उकळून काढलेलं कोलॅजेनच. ते गरम पाण्यात विरघळवून कोमट करा. एका वाटीत ताज्या अननसाचा रस घाला, दुसरीत उकळून गार केलेला. फ्रिजमध्ये ४ तास ठेवा. पहिली वाटी पातळच राहते, कारण ताज्या रसातली विकरं (एन्झाइम) साखळ्या कापतात. उकळल्यावर ती निकामी होतात. आपली पाचक विकरंही कोलॅजेन असंच कापतात.