प्रतीकात्मक दुवे : संपादकातून व्यवस्थापन

फाइल-व्यवस्थेत दुसऱ्या फाइलचा किंवा डिरेक्टरीचा पत्ता केवळ मजकूर म्हणून साठवणारी नोंद म्हणजे प्रतीकात्मक दुवा. बोलण्यात सर्रास ‘सिमलिंक’ हाच शब्द चालतो. असा दुवा तयार करणे, त्याचे लक्ष्य बदलणे, तुटलेला (लक्ष्यच उरले नाही असा) दुवा हुडकणे ही कामे टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीकडे, न वळता प्रोग्रॅम लिहिण्याच्या संपादकातूनच करण्याची पद्धत हा या नोंदीचा विषय आहे. तिचे सर्वांत विकसित रूप ईमॅक्स या संपादकातील ‘डायरेड’ या डिरेक्टरी-संपादकात आढळते, म्हणून विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

दुव्याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. अनेक पाठ्यपुस्तके त्याचे श्रेय ऑगस्ट 1983 मध्ये प्रसृत झालेल्या 4.2बीएसडी या युनिक्स-आवृत्तीला देतात. तिच्या आधीच्या मर्यादित वितरणाच्या 4.1 मालिकेचा विचार केल्यास 1982 हे वर्षही सांगितले जाते. युनिक्सपुरते हे ग्राह्य आहे. कल्पना मात्र जुनी आहे. मल्टिक्स या युनिक्सपूर्व संगणक-प्रणालीच्या फाइल-व्यवस्थेवरील डेली व नॉयमन यांच्या 1965 च्या निबंधात डिरेक्टरीतील नोंदींचे ‘शाखा’ आणि ‘दुवा’ असे दोन प्रकार केले असून शाखा प्रत्यक्ष फाइलकडे, तर दुवा दुसऱ्या नोंदीकडे नेतो. डेटा जनरल कंपनीच्या आरडॉस या प्रणालीतही 1970 च्या दशकात दुवा-फाइली होत्या. तेव्हा बीएसडीने दुव्याचा शोध लावला असे न म्हणता तो युनिक्समध्ये रुजवला असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मॅक्युसिक, जॉय, लेफलर व फॅब्री यांच्या 1984 च्या निबंधात त्याची ओळख पत्ता साठवणारी फाइल अशीच करून दिली आहे. त्याआधीच्या कठीण दुव्याला (हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला दिलेले आणखी एक नाव) डिस्कचा एक विभाग ओलांडून दुसऱ्यात जाता येत नसे. ही अडचण नव्या दुव्याने दूर केली. पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या सामाईक मानकात त्याला स्थान 2001 च्या आवृत्तीत मिळाले. सर्वांनाच तो पटला असे नाही : प्लॅन 9 या प्रणालीत तो मुद्दाम ठेवलेला नाही. दुव्यातून आत गेल्यावर ‘..’ म्हणजे नेमकी कोणती वरची डिरेक्टरी, हा वाद त्यामागे आहे.

संपादकाच्या दृष्टीने खरा पेच फाइल जतन करताना उद्भवतो. उघडताना फारसे बिघडत नाही, कारण दुवा उलगडण्याचे काम कर्नल (प्रणालीचा गाभा) करतो. (लिनक्समध्ये एका पत्त्यात 40 पेक्षा जास्त दुवे उलगडावे लागले तर तो त्रुटी देऊन थांबतो.) जतन करण्याच्या मात्र दोन रीती आहेत. जुन्या फाइलवरच नवा मजकूर लिहिला तर दुवा शाबूत राहतो. पण मध्येच वीज गेली तर मजकूर अर्धवट राहण्याची भीती असते. म्हणून पुष्कळ साधने नवी फाइल लिहून तिला जुन्या नावावर बसवतात. ते नाव दुव्याचे असेल, तर दुवा नाहीसा होऊन तेथे साधी फाइल येते आणि मूळ फाइल जुन्या मजकुरासह दुसरीकडे तशीच पडून राहते. चूक दिसत नाही, हीच तिची खोड. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनाचा जागच्या जागी बदल करण्याचा पर्याय असाच दुवा मोडतो. त्यामुळे त्याच्या ग्नू (मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या) आवृत्तीत दुव्यामागे जाण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागला. विम या संपादकाने हा निर्णय ‘बॅकअपकॉपी’ या मांडणीवर सोपवला आहे. तिची ‘येस’, ‘नो’ व ‘ऑटो’ ही मूल्ये असून, दुवा जाणीवपूर्वक मोडायचा असल्यास ‘ब्रेकसिमलिंक’ हे मूल्यही तीत जोडता येते. ईमॅक्स राखीव प्रत करण्याआधीच दुव्याचा माग काढून खऱ्या फाइलपर्यंत पोहोचतो.

डायरेडमध्ये डिरेक्टरीची यादी हाच एक मजकूर असतो. दुव्याच्या ओळीत नावापुढे बाण व लक्ष्याचा पत्ता दिसतो. कॅपिटल ‘एस’ कळ नवा दुवा करते, कॅपिटल ‘एच’ कठीण दुवा. ‘*’ व ‘@’ या कळा लागोपाठ दाबल्यास यादीतील सर्व दुव्यांवर खूण होते. ‘एस’ने केलेला दुवा संपूर्ण पत्त्याचा असतो, त्यामुळे प्रकल्पाचे फोल्डर हलवले की तो तुटू शकतो. सापेक्ष पत्त्याचा दुवा कॅपिटल ‘वाय’ने होतो. ही सोय दीर्घकाळ ‘डायरेड-एक्स’ या जोड-संचात होती, पुढे ती मूळ डायरेडमध्ये आली. सापेक्ष पत्ता दुवा ज्या डिरेक्टरीत आहे तेथून मोजतात, आपण उभे असतो तेथून नव्हे. नवख्यांचे बहुतेक तुटके दुवे येथेच जन्मतात.

ईमॅक्स 22 पासून (2007) समाविष्ट असलेल्या ‘डब्ल्यूडायरेड’मध्ये यादीच संपादनासाठी खुली होते. बाणापुढचा पत्ता साध्या मजकुरासारखा बदलून कंट्रोल-सी दोनदा दाबले की दुव्याचे लक्ष्य बदलते. पन्नास दुव्यांतील एकच जुने फोल्डर-नाव शोधून बदलायचे असेल, तर यासारखा सुटसुटीत मार्ग प्रस्तुत लेखकाला अन्यत्र आढळलेला नाही. दुव्यामागची फाइल गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रणाखाली (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाखाली) असेल, तर ती उघडताना दुव्यामागे जायचे का असे ईमॅक्स विचारतो. हा प्रश्न अनेकांना जाचक वाटतो, पण ज्या नावाने फाइल उघडली ते धरायचे की खऱ्या फाइलचे, हे संपादकाला स्वतःहून ठरवता येत नाही.

एकाच फाइलवर दोघांनी एकदम काम करू नये म्हणून ईमॅक्स लावतो ते कुलूपही दुवाच आहे. फाइलमध्ये न जतन केलेला बदल असेतोवर तिच्या शेजारी ‘.#’ने सुरू होणाऱ्या नावाचा दुवा असतो. त्याचे लक्ष्य म्हणजे फाइल नसून वापरकर्ता, यंत्र व प्रक्रियाक्रमांक यांची अक्षरे असतात; म्हणजे तो जन्मतःच तुटका. कारण व्यावहारिक आहे : दुवा निर्माण होणे आणि त्यात माहिती भरणे एकाच अविभाज्य क्रियेत घडते, त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी कुलूप लावण्याचा घोळ होत नाही. फाइलींवर पाळत ठेवणारी काही बिल्ड-साधने (प्रोग्रॅम बांधणारी साधने) या तुटक्या दुव्यावर अडखळतात; त्यासाठी 24.3 आवृत्तीपासून कुलूप बंद ठेवण्याची सोय झाली.

व्हीएस कोड या संपादकाच्या फाइल-यादीत दुव्यापुढे लहान बाण दिसतो आणि शोध घेताना दुव्यांमागे जाण्याची मांडणी मुळात चालू असते. दुवा तयार करण्याची आज्ञा त्यात मुळात नाही. अंतर्गत टर्मिनल किंवा एखादे विस्तारक वापरतात.

विंडोजमध्ये व्हिस्टापासून असे दुवे आहेत, मात्र ते करण्यास प्रशासकाचा अधिकार लागे. 2017 पासून विंडोज 10 च्या विकसक-स्थितीत ही अट शिथिल झाली. गिट दुव्याची नोंद 120000 या प्रकार-अंकाने करते आणि लक्ष्याचा पत्ता हाच मजकूर म्हणून ठेवते. जेथे दुवे चालत नाहीत तेथे ती साधी मजकूर-फाइल उतरवते. संपादकाने तिच्या शेवटी सवयीने नवी ओळ घातली आणि ती तशीच नोंदवली गेली, तर ती ओळही पत्त्याचा भाग होते व लिनक्सवर दुवा तुटतो.