सेल्स टॅक्स आणि यूज टॅक्स: अमेरिकेतल्या ऑनलाइन खरेदीवर कर होता की नव्हता?

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षांपूर्वी इंटरनेटवरून वस्तू मागवणारा बहुतेक कोणीही तुम्हाला सांगितलं असतं, की ऑनलाइन खरेदीला टॅक्स लागत नाही. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा ‘आता ऑनलाइन खरेदीवरही टॅक्स बसणार’ अशी हाकाटी झाली. कायद्याने पाहिलं तर ही दोन्ही विधानं चूक आहेत. कर आधीही होता, आणि दरही तोच होता. फक्त तो विकणाऱ्याने कापून घ्यायचा नव्हता. घेणाऱ्याने आपण होऊन सरकारकडे भरायचा होता, आणि तो जवळजवळ कोणी भरत नव्हतं.

सेल्स टॅक्स आणि यूज टॅक्स हे दोन वेगळे कर आहेत, हे डोक्यात नसलं की असा गोंधळ होतो. अमेरिकेत या विषयावर वीसेक वर्षं जो वाद चालला, त्यातला निम्मा तरी या गोंधळावर पोसलेला होता, असं माझं मत आहे.

आधी सोपा भाग. केंद्र सरकारचा सेल्स टॅक्स अमेरिकेत नाही. तो राज्यांचा विषय आहे आणि ४५ राज्यं व वॉशिंग्टन डीसी तो लावतात. त्यावर काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे विभाग) आणि शहरं आपापली भर घालतात. अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांचा राज्यपातळीवरचा सेल्स टॅक्स नाही (अलास्कातली काही गावं मात्र स्वतःचा लावतात). वस्तूच्या लेबलवरच्या किमतीत हा कर धरलेला नसतो, तो बिल करताना वर चढतो. राज्यात विक्री झाली की दुकानदार गिऱ्हाइकाकडून तो घेतो आणि सरकारजमा करतो.

यूज टॅक्स लागतो तो तुम्ही राज्याबाहेरून, तिथला कर न देता, वस्तू आणून आपल्या राज्यात वापरायला काढली तर. समजा तुमच्या राज्याचा दर ६ टक्के आहे. १,००० डॉलरचा कॅमेरा जवळच्या दुकानात घेतला, तर ६० डॉलर सेल्स टॅक्स. तोच ओरेगनमध्ये जाऊन घेतला तर तिथे कर शून्य, पण घरी आणल्यावर तुमच्या राज्याला ६० डॉलर यूज टॅक्स देणं लागतं. एखाद्या राज्यात ४ टक्के भरून आणला असेल, तर ते ४० डॉलर वजा होतात आणि २० उरतात. म्हणजे एकाच खरेदीवर दोन्ही कर पूर्णपणे बसत नाहीत. एक जिथे सुटतो तिथे दुसरा लागतो.

ही जोडी महामंदीच्या काळातली. १९३० च्या दशकात उत्पन्न आटलेली राज्यं एकामागून एक सेल्स टॅक्सकडे वळली, आणि लगेच लक्षात आलं की लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करतात. १९३५ साली वॉशिंग्टन राज्याने २ टक्के सेल्स टॅक्सबरोबरच तितकाच यूज टॅक्स लावला. त्या वेळी कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरणाचं काम चालू होतं. तिथल्या कंत्राटदारांनी यंत्रसामग्री राज्याबाहेरून आणलेली होती. त्यावर कर मागितल्यावर ते कोर्टात गेले. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी राज्याची बाजू उचलून धरली. बाहेरून वस्तू आणणाऱ्यावर गावातल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त बोजा पडत नाही ना, मग त्यात भेदभाव कसला, असा त्यांचा रोख होता.

या दोन करांत कायदा किती फरक करतो, ते १५ मे १९४४ या एकाच तारखेच्या दोन निकालांत दिसतं. टेनेसीतल्या कंपनीने आर्कान्सातल्या गिऱ्हाइकांना माल विकला. ऑर्डरी मंजूर होत मेम्फिसला, आणि मालाची मालकीही तिथेच बदले. आर्कान्साने सेल्स टॅक्स मागितला. न्यायालय म्हणालं, विक्री तुमच्या राज्यात झालेलीच नाही, कर लावता येणार नाही. दुसऱ्या खटल्यात मिनेसोटातली कंपनी आयोवातल्या गिऱ्हाइकांना माल विकत होती. आयोवाचं म्हणणं, आमच्या लोकांकडून यूज टॅक्स तुम्ही गोळा करून द्या. न्यायालय म्हणालं, चालेल. वापर आयोवात होतो, तेव्हा त्यावर कर लावायचा अधिकार आयोवाचा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनीच लिहिलेले. व्यवहार जवळपास सारखे, गिऱ्हाइकाच्या खिशाला बसणारी चाटही सारखीच, पण एक कर बाद आणि एक वैध. वकिलांना अशा गोष्टी फार आवडतात; सामान्य माणसावर मात्र इथे हात टेकायची वेळ येते.

कागदावर यूज टॅक्स चोख आहे. वसुली हीच त्याची अडचण. सेल्स टॅक्स थोड्या दुकानदारांकडून घ्यायचा असतो, यूज टॅक्स घराघरातून. गाडी, बोट, विमान अशा वस्तूंवर तो नीट मिळतो, कारण नोंदणीच्या वेळी सरकार तुम्हाला गाठतं. कंपन्याही भरतात, कारण त्यांच्याकडे ऑडिट येतं. मोठ्या माणसांची पंचाईत होते ती इथेच. मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे सिनेटर जॉन केरी यांची सुमारे ७० लाख डॉलरची यॉट २०१० साली शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्टला नांगरलेली असल्याचं वर्तमानपत्रांत आलं. ऱ्होड आयलंडने बोटींवरचा सेल्स टॅक्स १९९३ सालीच काढून टाकलेला. टीका झाली आणि केरींनी मॅसॅच्युसेट्सला सुमारे ५ लाख डॉलर कर भरायची तयारी दाखवली. यॉट दिसते तरी. पुस्तकं, बूट, टोस्टर कोण मोजणार? अनेक राज्यांनी आयकराच्या फॉर्मवर यूज टॅक्ससाठी एक ओळ ठेवली. बहुतेक लोक तिथे शून्य लिहितात.

म्हणून राज्यांनी आपला मोर्चा विकणाऱ्यांकडे वळवला, आणि तिथे न्यायालय आडवं आलं. १९६७ साली मिसूरीतली नॅशनल बेलास हेस ही पोस्टाने माल पाठवणारी कंपनी इलिनॉयविरुद्ध जिंकली. वर्षातून दोनदा कॅटलॉग पाठवण्यापलीकडे तिचा त्या राज्याशी संबंध नव्हता. १९९२ साली क्विल कंपनीचा खटला आला. ती ऑफिसात लागणारं सामान विकायची. नॉर्थ डकोटात तिची सुमारे ३,००० गिऱ्हाइकं आणि वर्षाला जवळजवळ १० लाख डॉलरची विक्री, पण गोदाम किंवा कर्मचारी तिथे नाहीत. न्यायालयाने निकाल दिला, की राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नसलेल्या विक्रेत्यावर करवसुलीची सक्ती करता येणार नाही. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, वाटलं तर तिने कायदा करावा. लक्षात घ्या, नॉर्थ डकोटाच्या गिऱ्हाइकाने कर देणं लागतच नाही, असं न्यायालय कुठेही म्हणालं नाही.

आणि नेमकं तेच लोकांनी ऐकलं. मग इंटरनेटचा व्यापार फोफावला आणि १९९२ चा नियम एकाएकी सोन्याची खाण झाला. दुकानात येऊन वस्तू हाताळायची, सेल्समनला प्रश्न विचारायचे आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायची, ही नवी रीत झाली. किमतीत पाच-दहा टक्क्यांचा फरक केवळ करामुळे पडत होता. भर म्हणून १९९८ साली काँग्रेसने इंटरनेट टॅक्स फ्रीडम कायदा केला. नाव वाचून कोणालाही वाटेल की ऑनलाइन खरेदी करमुक्त झाली. प्रत्यक्षात त्या कायद्याने इंटरनेट जोडणीवरचा नवा कर आणि ऑनलाइन व्यापाराला वेगळं काढून लावलेले कर रोखले. वस्तूंवरच्या नेहमीच्या कराशी त्याचा काही संबंध नव्हता.

यानंतरची वीस वर्षं म्हणजे पळवाटा आणि पाठलाग. न्यूयॉर्कने २००८ साली कायदा केला, की राज्यातल्या वेबसाइट कमिशन घेऊन गिऱ्हाइकं पाठवत असतील तर तेवढ्यावरूनही कंपनीचं तिथे अस्तित्व आहे असं धरू. ॲमेझॉन कोर्टात गेली आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात हरली. कॅलिफोर्नियात तडजोड होऊन सप्टेंबर २०१२ पासून ॲमेझॉनने कर घ्यायला सुरुवात केली. लवकर माल पोचवायचा तर गोदामं गिऱ्हाइकाजवळ हवीत, आणि गोदाम आलं की प्रत्यक्ष अस्तित्व आलंच. १ एप्रिल २०१७ पासून ॲमेझॉन सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांत आपल्या मालावर तो घेऊ लागली.

बाहेरच्या विक्रेत्यांवरही करवसुलीची सक्ती राज्यांना करू देणाऱ्या २०१३ सालच्या मार्केटप्लेस फेअरनेस विधेयकात तर बाजूच उलटल्या. ॲमेझॉन विधेयकाच्या बाजूने, कारण तिला कर घ्यावा लागणारच होता, मग प्रतिस्पर्ध्यांनीही घ्यावा. ईबे विरोधात, कारण तिथले बहुसंख्य विक्रेते छोटे. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी सिनेटने ते ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं, प्रतिनिधिगृहात ते अडकलं. विरोधकांची घोषणा होती, ‘नवा कर नको.’ समर्थक सांगत राहिले, की हा नवा कर नाही, थकलेला जुनाच आहे. समर्थकांचं म्हणणं खरं होतं, पण ते पटायला आधी यूज टॅक्स म्हणजे काय ते ऐकून घ्यावं लागतं, आणि तेवढा धीर राजकारणात कोणाला असतो?

कोलोरॅडोने २०१० साली वेगळा डाव टाकला. कर घेऊ नका, पण गिऱ्हाइकाला कळवा की त्याने यूज टॅक्स भरायचा आहे, आणि कोणी कितीची खरेदी केली ते आम्हालाही कळवा. विक्रेत्यांना हे जास्तच झोंबलं. तो वाद २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा न्यायमूर्ती केनेडी यांनी वेगळं मत जोडून सुचवलं, की १९९२ चा नियम पुन्हा तपासायला योग्य खटला येऊ द्या. साउथ डकोटाने तो तयारच केला. त्या राज्यात आयकर नाही, सगळी भिस्त सेल्स टॅक्सवर. २०१६ च्या त्यांच्या कायद्याने राज्यात वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यावर करवसुलीची जबाबदारी टाकली, मागची थकबाकी न मागता.

२१ जून २०१८ रोजी वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी साउथ डकोटा जिंकलं. निकाल केनेडींनीच लिहिला. आम्हाला सेल्स टॅक्स घ्यावा लागत नाही, ही आमच्याकडून खरेदी करण्यातली उत्तम गोष्ट, अशी वेफेअरची जाहिरात होती. केनेडींनी ती निकालात उद्धृत केली आणि हे करचुकवेगिरीला आडून केलेलं साहाय्य आहे, असा शेरा मारला. कर लागू नसता, तर चुकवेगिरीचा प्रश्न आला असता का?

विरोधी मत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं. १९९२ चा नियम बरोबर होता असं त्यांनाही वाटत नव्हतं; तो बदलायचं काम काँग्रेसचं, एवढाच त्यांचा मुद्दा. त्यांनी दिलेली उदाहरणं मात्र वाचण्यासारखी आहेत. सेल्स टॅक्स लावणाऱ्या यंत्रणा देशात १०,००० हून जास्त. ट्विक्स आणि स्निकर्स ही सारखीच चॉकलेटं, पण करासाठी इलिनॉयमध्ये ट्विक्स हे खाद्य आणि स्निकर्स ही कँडी, कारण ट्विक्समध्ये पीठ असतं. न्यू जर्सीत स्वेटरच्या लोकरीवर कर नाही, कलाकुसरीच्या लोकरीवर आहे. घरबसल्या चार वस्तू विकणाऱ्याने हे सगळं कसं सांभाळायचं? मला ही काळजी खरी वाटते. २०० व्यवहारांची अट तर उघडच वेडगळ होती: पाच-पाच डॉलरची २०० स्टिकरं विकली, १,००० डॉलर झाले, की लागला नियम. खुद्द साउथ डकोटाने ती अट २०२३ साली काढून टाकली. कॅलिफोर्निया आणि टेक्सासने विक्रीची मर्यादा ५ लाख डॉलर ठेवली आहे. मिसूरीचा नियम सगळ्यांत शेवटी, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला.

मधल्या काळात राज्यांनी आणखी एक कायदा केला, ज्याने साध्या ग्राहकाचं जग खरं बदललं. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर कोणीही माल विकला, तरी कर त्या बाजारपेठेने घ्यायचा. त्यामुळे आता बहुतेक खरेदीत कर बिलातच लागतो, आणि तसा लागला की यूज टॅक्सचा विषय तिथेच मिटतो.

उरतं ते थोडंच. मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याकडून थेट मागवलेली वस्तू. ओरेगन किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये सुट्टीवर असताना घेतलेला टीव्ही. पुनर्विक्रीसाठी म्हणून करमुक्त उचललेला आणि मग दुकानदाराने स्वतःच्याच ऑफिसात वापरायला काढलेला माल, ज्यात ऑडिटर हमखास हात घालतात. घरगुती खरेदीसाठी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांनी उत्पन्नानुसार अंदाजे रकमेचा तक्ता दिला आहे. १,००० डॉलरच्या आतल्या किरकोळ वस्तूंच्या पावत्या शोधायच्या नसतील, तर तक्त्यातली रक्कम भरून मोकळं होता येतं. न्यूयॉर्कच्या फॉर्मवर त्या ओळीपाशीच सूचना आहे, की ही जागा रिकामी ठेवू नका. देणं नसेल तर शून्य लिहायचं, आणि ते लिहिलं की खाली सही आपलीच असते.