पक्षीमित्रांचा ग्रुप आणि अवांतर: नियम आले कुठून?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचा मोसम. या दिवसांत नाशिकच्या पक्षीमित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप उजाडायच्या आत वाजायला लागतात. ‘चापडगाव मनोऱ्यासमोर क्रौंच उतरलेत’ असा निरोप येतो आणि थोड्याच वेळात त्यावर गुलाबाचं फूल, सुविचार, कुणाच्या नातवाचा वाढदिवस आणि फ्लॅट विकणे आहे असं सगळं येऊन बसतं. निफाडच्या रस्त्याला लागलेल्या माणसाला मूळ निरोप सापडत नाही. अ‍ॅडमिन ‘कृपया विषयाला धरून पोस्ट करा’ म्हणतो, कुणीतरी दुखावून ग्रुप सोडतं. या कुरबुरीमागे बराच मोठा इतिहास आहे.

हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करायची आपल्याकडची परंपरा छापील आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ची. १९५९च्या अखेरीस झफर फतेहअली यांनी पक्षीनिरीक्षकांसाठी एक इंग्रजी वार्तापत्र सुरू केलं. गावोगावचे हौशी लोक त्यात आपल्या नोंदी पाठवत. तिथे अवांतराचा प्रश्न संपादकाच्या टेबलावरच सुटायचा. पत्र छापायचं की नाही, हे आधी ठरायचं आणि मग ते वाचकापर्यंत जायचं.

संगणकांच्या जाळ्यावर हा क्रम उलटा झाला. अमेरिकेत १९७९-८०च्या सुमारास यूजनेट हे विषयवार चर्चागटांचं जाळं सुरू झालं. तिथे कुणीही लिहावं आणि ते सगळ्यांना दिसावं, अशी सोय होती. गोंधळ वाढल्यावर १९८०च्या दशकातच काही गटांना नियंत्रक नेमले गेले. मजकूर आधी त्यांच्याकडे जायचा. १९८७ मध्ये सगळ्या गटांची फेरमांडणी झाली, तेव्हा छंदांसाठी एक शाखा ठेवली आणि वादविवादांसाठी दुसरी. मला ही फेरमांडणी फार महत्त्वाची वाटते. लोक विषय सोडून बोलणारच, हे त्यात गृहीत धरलं होतं आणि त्या बोलण्याला हक्काची जागा दिली होती.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर ईमेलचे गट आले. त्यात प्रत्येक पत्राला विषयाची ओळ असायची, नको ते न उघडता पुढे जाता यायचं. व्हॉट्सॲपने ही ओळच काढून टाकली. क्रौंच, सुविचार आणि फ्लॅट एकाच रांगेत आले. अ‍ॅडमिनच्या हातात सुरुवातीला फक्त माणसाला आत घेणं आणि बाहेर काढणं एवढंच होतं. एका फुलाच्या चित्रासाठी वीस वर्षांच्या ओळखीच्या काकांना कोण बाहेर काढणार?

मग २०१८चा पावसाळा आला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज खानदेशापासून नाशिकपर्यंत फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, असाच जमाव जमला. तिथे पोलिसांनी लहान मुलासह पाच जणांचा जीव वाचवला. ‘एक फॉरवर्डच तर आहे, दुर्लक्ष करा’ हे म्हणणं त्यानंतर कुणालाही शोभत नाही. त्याच सुमारास व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल, अशी सोयही तेव्हाचीच.

पक्षीनिरीक्षकांकडे खरं तर याचं उत्तर आधीपासून होतं. दुर्मीळ बदक दिसलं म्हणून कुणी लिहिलं की लगेच विचारतात: फोटो आहे का? कुठे, किती वाजता, सोबत कोण होतं? २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तर अनपेक्षित नोंदी त्या त्या भागातले स्वयंसेवक तपासतात आणि पुरावा मागतात. बदकाला जी शहानिशा लागते, ती माणसांविषयीच्या मेसेजला लागू नये, हे मला पटत नाही. अवांतरावर एकच नियम करायचा तर तो हा करावा.

कारण बाकीचं अवांतर वाटतं तितकं अवांतर नसतं. नांदूरमध्यमेश्वर हा गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२०च्या घोषणेनंतर ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तरी तिथलं पाणी आजही सिंचनाच्या गरजेप्रमाणेच वरखाली होतं. दारणा किंवा गंगापूर धरणातून किती पाणी सुटलं, कालव्याचं आवर्तन कधी, हे शेतकरी सभासद सहज बोलता बोलता सांगतो. कुणाला त्या शेतीच्या गप्पा वाटतात. पण पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि चिखलात चरणारे पाणटिवळे तिथे येतात. हे बोलणं बंद केलं तर ग्रुपचंच नुकसान.

अ‍ॅडमिनची कायदेशीर धास्ती मार्च २०२१ मध्ये कमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. २०२२ मध्ये त्याला इतरांचे मेसेज काढता येऊ लागले आणि एका छत्राखाली अनेक ग्रुप ठेवायची सोयही आली. नोंदींचा ग्रुप वेगळा आणि गप्पांचा कट्टा वेगळा, अशी विभागणी आता सहज करता येते.

कात्री मात्र सर्वांत आधी लागते ती विषयाला अगदी धरून असलेल्या एका गोष्टीला. घरट्याचा फोटो आणि त्याचं ठिकाण ग्रुपवर पडलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते. उन्हात पक्षी अंड्यांवरून उठतो आणि परत बसत नाही. म्हणून अनेक पक्षीग्रुप घरट्यांचे फोटो घेतच नाहीत आणि ईबर्डही धोक्यातल्या काही जातींचं नेमकं ठिकाण झाकून ठेवतं. असा फोटो दिसला, तर अ‍ॅडमिनने कुणाच्या रुसण्याची वाट न बघता तो लगेच काढावा.