पीएचपीच्या पर्यायी टॅगची पार्श्वभूमी

पीएचपी ही सर्व्हरवर वेबपेज तयार करणारी प्रोग्रामिंग भाषा. तिची टेम्पलेट फाइल, म्हणजे एचटीएमएल (वेबपेजची खूणभाषा) आणि कोड एकत्र असलेली फाइल, वाचताना एचटीएमएल कुठे थांबते आणि कोड कुठे सुरू होतो, हे दाखवणाऱ्या चार प्रकारच्या खुणा बराच काळ एकाच वेळी चालू होत्या. पूर्ण टॅग (<?php) आणि नुसता <? हा आखूड टॅग बहुतेकांच्या रोजच्या वापरातले होते. बाकीचे दोन, म्हणजे एएसपीच्या (मायक्रोसॉफ्टच्या वेबपेज बनवण्याच्या तंत्राच्या) धर्तीचा <% … %> आणि स्क्रिप्ट टॅगमध्ये भाषेचे नाव लिहिण्याची पद्धत, हे तडजोडीतून आले. त्या काळातील काही एचटीएमएल संपादकांना प्रश्नचिन्हाच्या खुणा पचत नसत. १९९६ मध्ये आलेल्या एएसपीची खूण मात्र त्यांच्या ओळखीची होती. त्यामुळे पीएचपी ३ मध्ये ती सोय देण्यात आली, पण ती चालू करणारी सर्व्हरवरची सेटिंग मुळात बंद ठेवली गेली.

ती सेटिंग बंद असलेल्या सर्व्हरवर <% असलेली फाइल चालवली, तर कोणतीही त्रुटी येत नाही. आतला सगळा कोड साधा मजकूर म्हणून ब्राउझरकडे जातो. फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही दिसतो. भाषेचे व्याकरण सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून ठेवणे हीच या प्रकरणातील मूळ चूक होती, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७.० मध्ये एएसपी धर्तीचा आणि स्क्रिप्ट टॅगचा हे दोन्ही पर्याय काढून टाकले गेले. त्यांचा वापर मुळातच कमी असल्यामुळे हा निर्णय तुलनेने सहज पचला.

आखूड टॅगचा प्रश्न मात्र चिघळला. १९९८ मध्ये एक्सएमएल १.० (माहिती लिहून ठेवण्याची खूणभाषा) प्रमाणित झाले आणि त्याच्या फाइलचा आरंभही <? ने होत असल्याने, आखूड टॅग चालू असताना एक्सएमएलची पहिलीच ओळ पीएचपी कोड समजली जाऊन त्रुटी येऊ लागली. शिवाय ‘मूळ सेटिंग’ म्हणजे नेमकी कोणती, याचीही दोन उत्तरे होती: सेटिंगची फाइलच नसेल तर आखूड टॅग चालू, आणि सोबत मिळणाऱ्या नमुना फाइलमध्ये तो बंद. मूल्य छापणारा <?= सुरुवातीला याच सेटिंगखाली येत असे; २०१२ च्या पीएचपी ५.४ पासून तो स्वतंत्र झाला आणि कायम चालू राहिला. त्यामुळे टेम्पलेट लिहिणाऱ्यांची खरी गरज भागली. तरीही ‘आखूड टॅग वापरू नका’ या सल्ल्यात <?= येतो की नाही, यावरून आजही गोंधळ होतो. तो त्यात येत नाही.

२०१९ मध्ये नुसता <? आधी कालबाह्य ठरवून पीएचपी ८.० मध्ये काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदानाने मंजूर झाला. मतदान संपल्यावर जोरदार हरकती आल्या, कारण टॅग काढल्यानंतर जुन्या फाइल बंद पडणार नव्हत्या. त्या आपला कोड उघड करत चालूच राहणार होत्या. ही हरकत योग्यच होती, मात्र ती मतदानाआधी पुरेशा जोराने मांडली गेली नाही. मग सुधारित प्रस्ताव आला, त्यावर पुन्हा मतदान झाले आणि तो फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० प्रसिद्ध झाले, तेव्हा आखूड टॅग जागेवरच होता आणि त्याची सेटिंगही.